जॉर्ज स्टीफन्सन व त्याचे फावल्या वेळचे उद्योग

ता. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ज्या कंपनीने तो एकवीस मैलांचा लोहमार्ग बांधविला, तिचा विलायतेतील सल्लागार एंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन हा होता. त्याचा बाप जॉर्ज ह्याची हकीकत आज सांगावयाची आहे. हा जॉर्ज वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. तरी पुढे इंग्लंडातील पहिले मोठे लोहमार्ग त्याच्याच देखरेखीखाली झाले. ही विद्या त्याने कोठे संपादिली असे कोणी विचारील, तर तिचा बराच भाग त्याने काम सुटल्यावर, केवळ आवडीने संपादिला, असे सांगावे लागते.

त्याचा जन्म ता. ९ जून १७८१ रोजी न्यूकॅसल शहराच्या पश्चिमेस वायलम गावी झाला. बाप कोळशाच्या खाणीतील पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्रावर आगवाला होता. सहा मुले व तुटपुंजा पगार, तेव्हा शाळेचे नावच नको. जॉर्ज लहानपणी एका विधवा बाईच्या गाई राखीत असे, आणि त्याबद्दल त्यास दिवसास दोन पेनी मिळत. गाई चरत असता तो व त्याचा एक सोबती चिखलमातीची यंत्रे करीत, आणि रानातील पोकळ देठ जोडून त्यांच्या नळ्या बनवीत. आपल्याकडील गुराखी मुले पोळ्यास मातीचे बैल करितात, त्यातलाच हा प्रकार. बापाचे यंत्र त्या मुलाने इतके न्याहाळिले होते, की कोणता भाग कोणत्या भागास जोडला आहे, हे त्यास तोंडपाठ झाले होते.

सतराव्या वर्षी त्यास एका यंत्रावर देखरेखीचे काम मिळाले, व त्याचा पगार बापाहूनही अधिक झाला. पाणी नीट चढते की नाही हे पाहणे, एवढेच त्याचे काम. यंत्र बिघडल्यास मोठ्या कारागिरास बोलवावे, असा नियम. परंतु जॉर्ज सुट्टीच्या वेळी यंत्राचे भाग सोडवी, पुसून साफ करी आणि पुन्हा जागच्या जागी बसवी. कोणी सांगितले नव्हते, व त्याबद्दल एक पेनीही अधिक मिळत नव्हती. ह्याच सुमारास त्यास कळले, की वॉटसाहेबाच्या नव्या यंत्रांचे वर्णन पुस्तकांत छापिलेले आहे. वाचता येत नसल्यामुळे ते दार आपणास बंद आहे, हे त्याच्या मनास फार लागले. अठरा वर्षांचा हा जवान मग रात्रशाळेत लहान मुलांबरोबर अक्षरे गिरवू लागला. हिशेब तो यंत्राच्या भट्टीजवळ बसून पाटीवर सोडवी.

इ. स. १८०२ मध्ये त्याने फ्रान्सिस हेंडरसन हिच्याशी लग्न केले. संसारास हातभार म्हणून तो संध्याकाळी जोडे दुरुस्त करी. एके दिवशी घराच्या धुराड्यास आग लागली. शेजाऱ्यांनी पाणी ओतून ती विझविली, पण काजळी व वाफ शिरून घरातील मोठे घड्याळ बंद पडले. कारागिराकडे न्यावे तर पैसा जाणार. जॉर्जने ते स्वतः उघडले, चाके साफ करून पुन्हा बसविली, आणि घड्याळ चालू झाले. तेव्हापासून आसपासचे खाणकामगार आपली घड्याळे त्याच्याकडे आणू लागले. मुलाने घरातील घड्याळास हात लाविला म्हणजे आपणांपैकी कित्येक त्याच्या पाठीत धपाटा घालितात. धपाट्यापूर्वी थोडा विचार करावा, असे वाटते.

पुढील काळ दुःखाचा होता. १८०५ साली तान्ही मुलगी वारली, १८०६ साली बायको क्षयाने गेली, आणि वाफेच्या अपघाताने बापाचे डोळे गेले. बापाचे कर्ज जॉर्जने फेडिले. त्याच संधीस सैन्यभरतीत त्याचे नाव निघाले, व बदली मनुष्य देण्यात उरलेसुरले पैसे संपले. देश सोडून अमेरिकेस जावे, असेही त्याच्या मनात आले होते. तो राहिला, आणि रात्री घड्याळे व जोडे दुरुस्त करीत राहिला. कारण पदरी रॉबर्ट हा लहान मुलगा होता.

किलिंगवर्थ येथील एका नव्या खाणीवर बसविलेल्या मोठ्या यंत्रास वर्षभर पाणी उपसता येईना. मोठमोठे कारागीर थकले. १८११ साली ते काम जॉर्जकडे आले. त्या जातीच्या यंत्रात वाफेवर थंड पाण्याचा फवारा सोडून ती निववावी लागते, मग दट्ट्या खाली येतो. जॉर्जने पाहिले, की फवाराच अपुरा आहे. त्याने पाण्याची टाकी उंच केली, फवाऱ्याचे तोंड मोठे केले, व काही दिवसांत खाण कोरडी पडली. सबंध यंत्र एका लहानशा जागी अडलेले असते, हे घड्याळे उघडणाऱ्यास निराळे शिकवावे लागत नाही, असे आम्हांस वाटते. १८१२ साली त्यास वर्षास १०० पौंडांवर खाणीचा यंत्रकार नेमिले. १८१४ साली त्याचे पहिले चालते एंजिन आठ वाघिणींतील ३० टन भार ओढून तासास चार मैल चालले.

परंतु आवडीने मिळविलेल्या विद्येस कोठे तोकडेपणा येतो, हे जॉर्ज जाणून होता. म्हणूनच त्याने रॉबर्टास न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले, व जाण्यायेण्यास एक गाढव घेऊन दिले. मुलगा तेथील विद्वन्मंडळाच्या ग्रंथालयातून पुस्तके आणी. जे पुस्तक घरी नेता येत नसे, त्यातील आकृत्या उतरून आणी. आणि रात्री बापलेक दोघे त्यावर बसत. १८१६ साली दोघांनी गणित करून दगडी सूर्यघड्याळ बनविले व आपल्या घराच्या दारावर बसविले. पुढे १८२५ साली जॉर्जने लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाची केलेली मोजणी पार्लमेंटाच्या कमिटीपुढे चुकीची ठरली व त्याची फार शोभा झाली. पुढील वर्षी नव्या मोजणीवर परवानगी मिळाली, तरी मार्ग बांधण्याचे काम शेवटी जॉर्जकडेच आले, व १८३० साली तो मार्ग सुरू झाला. आदल्या वर्षी शर्यतीत ५०० पौंडांचे बक्षीस जिंकणाऱ्या रॉकेट एंजिनाची बांधणी रॉबर्टच्या देखरेखीखाली झाली होती.

म्हातारपणी जॉर्ज चेस्टरफील्डजवळ टॅप्टन येथे मोठ्या घरात राहू लागला, व तेथे बागेचा नाद लागला. काचघरांत तो अननस व खरबुजे पिकवी. काकड्या मात्र वाकड्या येत, हे त्यास खपेना. त्याने काचेच्या सरळ नळ्या करवून आणिल्या व प्रत्येक कोवळी काकडी एकेका नळीत घालून वाढविली. ता. १२ ऑगस्ट १८४८ रोजी तो वारला, त्यापूर्वी सरळ काकड्या त्याच्या हाती आल्या होत्या, आणि तो त्या पाहुण्यांस मोठ्या कौतुकाने दाखवीत असे.