पंडिता रमाबाई: अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी घर बांधणाऱ्या आणि सरकारलाही जाब विचारणाऱ्या विदुषीची गोष्ट

१८९६ साली मध्य प्रांतात पाऊस लवकर थांबला. धान पिकवणाऱ्या पट्ट्याला त्याचा मोठा फटका बसला. आजचा भंडारा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतातल्या नागपूर विभागात होता आणि गोंदियाही त्याचाच भाग होता. घरातलं धान्य संपलं तशी माणसं गाव सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामं काढली, अनाथगृहं उघडली. खडी फोडायची, माती वाहायची आणि दिवसाच्या शेवटी मिळेल ते पोटात ढकलायचं, असे ते दिवस होते.

पण या छावण्यांमध्ये एकट्या पडलेल्या बायकांचं काय झालं?

१८९७ च्या सुरुवातीला पुण्याहून एक बाई हे पाहायला मध्य प्रांतात आली. सरकारी अहवालात जे येत नव्हतं ते तिने लिहून काढलं. छावणीतले मुकादम आणि पहारेकरी तरुण बायकांची अडवणूक करत होते. पोटाला अन्न हवं असेल तर अब्रू द्यावी लागत होती. मुलींना फूस लावून पळवून नेणारे दलाल रस्त्यारस्त्यावर फिरत होते.

त्या बाईचं नाव पंडिता रमाबाई. शाळेत आपण त्यांच्याबद्दल विदुषी, समाजसुधारक, शारदा सदनच्या संस्थापक एवढं वाचतो. पण लैंगिक शोषण सोसलेल्या बायकांसाठी त्यांनी जे काम केलं, त्याची चर्चा फारशी होत नाही. ते काम नेमकं काय होतं?

दुष्काळ त्यांच्यासाठी नवा नव्हता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं.

दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास शेकडो कोस पायी फिरले. उपाशी पोटी रात्र कशी जाते आणि अनोळखी गावात तरुण मुलीला कशाची भीती वाटते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१८७८ मध्ये ही भावंडं कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. हा विवाह आंतरजातीय होता. १८८२ मध्ये बिपिनबाबूही गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात मनोरमा ही लहान मुलगी होती.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी बाई शिक्षिका आणि बाई डॉक्टर हव्यात, असं ठासून सांगितलं. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगता येत नाही म्हणून बायका मरतात, हा त्यांचा मुद्दा होता.

लंडनमध्ये काय पाहिलं?

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. वॉन्टेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. या भगिनींचं लंडनमधल्या फुलहॅम भागात एक केंद्र होतं. देहविक्रयात ओढल्या गेलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांना तिथे आसरा दिला जायचा.

रमाबाईंना याचं आश्चर्य वाटलं. त्या ज्या शास्त्रांमध्ये वाढल्या होत्या, त्यांत अशा बाईसाठी प्रायश्चित्त होतं, शिक्षा होती, बहिष्कार होता. पण तिच्या शेजारी बसून तिला जेवायला वाढणारं, तिचं पुढचं आयुष्य उभं करणारं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं. इथे ते घडत होतं आणि तेही कुलीन घरातल्या शिकलेल्या बायकांच्या हातून.

हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली. ख्रिस्ती धर्माकडे वळण्याच्या प्रवासात फुलहॅमचा हा अनुभव मोठा होता, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयावर महाराष्ट्रात प्रचंड टीका झाली. ती धर्मांतरावर होती. अशा घराची आपल्याकडेही गरज आहे का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

शारदा सदन आणि वृंदावन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक तिथे प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी संस्था काढून दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

१८९३ मध्ये मुलींचं धर्मांतर होत असल्याच्या आरोपावरून वाद पेटला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी सदन बंद केलं नाही.

१८९५ च्या सुमारास त्या वृंदावनला गेल्या. पंडिता म्हणून गेल्या असत्या तर काहीच दिसलं नसतं, म्हणून गरीब यात्रेकरू बाईच्या वेशात राहिल्या. त्यांना जे दिसलं त्याची एक ठरलेली पद्धत होती. दलाल गावोगाव फिरून विधवांना तीर्थवासाचं पुण्य सांगत. बाई घरातला पैसा-दागिना घेऊन निघे. पैसा होता तोवर तिला मान मिळे. पैसा संपला की तिला ठेवून घेतलं जाई आणि वय झालं की रस्त्यावर सोडून दिलं जाई.

आज ज्याला आपण मानवी तस्करी म्हणतो, त्याच्या सगळ्या पायऱ्या यात आहेत. अडचणीतली बाई हेरायची, आशा दाखवायची, पैसा आणि नातेवाईक तोडायचे, मग परतीची वाट बंद करायची. रमाबाईंनी ही साखळी ओळखली आणि लिहून लोकांपुढे मांडली.

मध्य प्रांतातून ३०० जणी

म्हणूनच १८९७ मध्ये मध्य प्रांतातल्या छावण्या पाहताना त्यांना धोका लगेच दिसला. नुसतं धान्य पाठवून हा प्रश्न सुटणार नव्हता, कारण धान्य वाटणाऱ्याच्या हातातच धोका होता. त्यांनी मुली आणि बायकांना थेट तिथून बाहेर काढायचं ठरवलं. साधारण ३०० जणींना घेऊन त्या परतल्या. यात अनेक जातींच्या मुली होत्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी उभं राहिलं होतं. दुष्काळाने ती चौकट मोडली.

पण पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या माणसांना शहरात ठेवता येईना. अमेरिकेची मदत थांबल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला शेतजमीन घेऊन ठेवली होती. या मुलींना तिथे नेलं गेलं. आधी तात्पुरता निवारा झाला, मग पक्क्या इमारती. १८९८ मध्ये मुक्ती सदन औपचारिकरीत्या उभं राहिलं.

एका तरुणीसाठी गव्हर्नरशी वाद

त्याच वर्षी, मे १८९७ मध्ये, आणखी एक प्रकरण घडलं. प्लेगच्या संशयावरून नेलेली रमाबाईंच्या संस्थेतली एक तरुणी परत आलीच नाही. तिथल्याच एका पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतलं, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. त्यांनी बॉम्बे गार्डियन या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. प्लेग रुग्णालयाचा कारभार आणि तिथे बायकांना मिळणारी वागणूक यावर त्यांनी उघड ठपका ठेवला.

पुण्यात तेव्हा सोजिरांच्या घरझडत्यांनी लोक संतापले होते. इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बायकांवरच्या अत्याचारांचा मुद्दा उचलला. रमाबाईंच्या पत्राची चर्चा थेट ब्रिटिश संसदेपर्यंत गेली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप दिशाभूल करणारे ठरवून फेटाळले. पुढे गोखल्यांना पुराव्याअभावी माफी मागावी लागली. रमाबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रमाबाई ख्रिस्ती होत्या, त्यांना परदेशातून मदत मिळत होती आणि इंग्रज अधिकाऱ्यांशी त्यांचं पदोपदी काम पडत होतं. गप्प बसणं त्यांच्या सोयीचं होतं. तरीही एका मुलीसाठी त्यांनी सरकारशी वाद घेतला.

कृपा सदन म्हणजे काय?

दुष्काळातून आलेल्या काही बायका आधीच शोषणाला बळी पडल्या होत्या. काही आजारी होत्या, काही मनाने पार मोडल्या होत्या. त्यांच्यासाठी केडगावला स्वतंत्र घर सुरू झालं. तेच कृपा सदन. फुलहॅममध्ये पाहिलेलं घर सोळा-एक वर्षांनी महाराष्ट्रात उभं राहिलं.

केडगावच्या आश्रमात नुसती भाकरी आणि छप्पर नव्हतं. शेती होती, दुभती जनावरं होती, विणकाम, तेलघाणा, छपाई असे उद्योग होते. अंध बायकांना ब्रेल शिकवलं जाई. बाईला हातात काम आलं की तिला पुन्हा कुणाच्या दयेवर जगावं लागणार नाही, हा त्यामागचा हिशोब होता. १८९९-१९०० च्या दुसऱ्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातूनही मुली आल्या आणि आश्रमातली संख्या दीड हजारांच्या वर गेली.

मग टीकेचं काय? ती पूर्ण चूक होती असंही नाही. आश्रमातलं वातावरण ख्रिस्ती होतं आणि तिथे आलेल्या बहुतेक जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. ज्या बाईकडे जायला दुसरं घरच नाही, तिची धर्माची निवड किती मोकळी असते, हा प्रश्न आजही विचारता येतो. शोषण झालेल्या बाईला पतित म्हणायची आणि तिच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा ठेवायची त्या काळाची भाषाही आज खटकते. पश्चात्ताप तिने का करायचा?

पण याची दुसरी बाजूही आहे. तेव्हा या बायकांपुढे पर्याय काय होते? माहेर नाही, सासर नाही, गाव नाही. त्यांना घेणारं घर काढणारी माणसं फार थोडी होती. पुण्यात फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, ते यातलं आधीचं मोठं उदाहरण.

शेवटची वर्षं

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. अखेरची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. त्यामागेही केडगावच्या अर्धशिक्षित बायकांना वाचता यावं, हा विचार होता. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंचं निधन झालं. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

भंडाऱ्यासह राज्यातल्या जिल्ह्यांमध्ये आज अत्याचार सोसलेल्या महिलांसाठी सखी वन स्टॉप सेंटरची योजना आहे. तात्पुरता निवारा, पोलीस, डॉक्टर, वकील आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळावं, ही त्यामागची कल्पना. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. राज्याची मनोधैर्य योजना आर्थिक मदत देते. जे काम रमाबाई एकट्याच्या हिमतीवर करत होत्या, ते आज कागदावर तरी सरकारची जबाबदारी आहे.

पण योजनेपर्यंत बाईला घेऊन जाणारं, तिथे तिच्या बाजूने बोलणारं आणि दाद मिळाली नाही तर वर पत्र लिहिणारं माणूस आजही लागतंच.

आणि आपण, म्हणजे मोबाईलवर हे वाचणारे? बलात्कार पीडितेचं नाव किंवा ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही दर प्रकरणात फोटो फिरतात, गाव सांगितलं जातं, ती तिथे गेलीच का, असं कमेंटमध्ये विचारलं जातं.

रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या बायकांबद्दल लिहिलं तेव्हा त्यांचा जाब मुकादमाला होता, पहारेकऱ्याला होता, दलालाला होता. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्यातले कित्येक जण पहिला प्रश्न बाईलाच विचारतात. पुढचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी तेवढं आठवलं तरी पुष्कळ आहे.