ताराबाई मोडक

गुरुजींनी सांगावे, मुलांनी निमूटपणे ऐकावे आणि पाठ न आल्यास छडी खावी, अशी शिक्षणाची रीत आपल्याकडे पुष्कळ काळ चालत आली होती. मूल स्वतःच्या प्रयत्नाने शिकते, शिक्षकाने त्याला योग्य वेळी आधार द्यावयाचा असतो, हा विचार खेड्यापाड्यांतून रुजविण्यासाठी ताराबाई मोडक यांनी आपले आयुष्य वेचले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शाळेत धाडणारी घरे त्या काळी थोडी होती. ताराबाई मात्र १९१४ साली पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही काळ वऱ्हाडात, अमरावतीस राहून त्या पुढे राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. पद मानाचे होते, वेतनही चांगले होते. परंतु भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानी आली आणि १९२३ साली ते पद सोडून त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या.

इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा तेथे अवलंब केला जात असे. तेथे भीती नव्हती, बक्षिसांचा मोहही नव्हता. आपल्याला हवे ते साधन मुलाने स्वतः निवडावे, चूक झाली तर स्वतःच ती शोधून सुधारावी, असा तेथील प्रघात होता. शिक्षकांचे काम त्यामुळे सोपे झाले नाही, उलट कठीण झाले. बोलण्याऐवजी त्यांना पाहावे लागे. ताराबाई व गिजुभाई यांनी आपल्या अनुभवांची परस्परांशी चर्चा केली, अन्य शिक्षकांसाठी लेखन केले, आणि नूतन बाल शिक्षण संघ व ‘शिक्षणपत्रिका’ यांच्या द्वारे शेकडो शिक्षकांना या कामात जोडून घेतले.

पण एक प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. हे शिक्षण शहरातील सुखवस्तू घरांपुरतेच राहणार काय? माँटेसरींची साधने महाग होती. खेड्यातील गरिबांना ती कोठून मिळणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका सहकारी म्हणून लाभली. शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली.

तरीही दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुले शाळेकडे येत नसतील, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊन मुलांना नाहू-माखू घालीत आणि तेथल्याच अंगणात त्यांना जमवून खेळ व गाणी घेत. हीच अंगणवाडी होय. १९७५ साली भारत सरकारने बालकांसाठी जी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

दहा-बारा वर्षांनी हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले. तेथील मुले गुरे राखीत. मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवण्यात आली. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवून थोरली बहीण निश्चिंतपणे वर्गात बसू लागली. गुराख्यांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. गुरे चरत असता मुले झाडे ओळखीत, खडे मोजीत आणि भोवतालच्या सृष्टीतून शिकत.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके ते कार्य नेटाने चालविले. शिक्षकांनी एकमेकांपासून शिकत राहावे आणि मुलाला आपल्या पायांवर उभे राहू द्यावे, हा ताराबाईंच्या जीवनाचा बोध आहे.