कार्ल फ्रीड्रिख गाउस व सतरा ही संख्या

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना असें आढळतें कीं, त्यांच्या आयुष्यास वळण लावणारा प्रसंग पुष्कळदां बाहेरून क्षुल्लक दिसतो. जर्मन गणिती गाउस याच्या आयुष्यास वळण लावलें तें सतरा या एका संख्येनें.

गाउसचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजीं ब्रन्सविक शहरीं एका गरीब कुटुंबांत झाला. बाप बागकाम, गवंडीकाम अशीं कामें करून प्रपंच चालवी. मुलाची विलक्षण बुद्धि पाहून ब्रन्सविकच्या ड्यूकनें त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, आणि १७९५ सालीं तो गटिंगेन विद्यापीठांत दाखल झाला. परंतु त्याच्यापुढें एक पेंच होता. प्राचीन भाषा आणि गणित या दोहोंची त्यास सारखीच गोडी होती. आयुष्य कोणास वाहावें, याचा निर्णय होईना.

केवळ पट्टी व कंपास घेऊन, सर्व बाजू व सर्व कोन सारखे असलेली आकृति काढणें हा ग्रीक भूमितिकारांचा आवडता विषय होता. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, पंधरा बाजूंची आकृति व त्यांच्या बाजू दुप्पट करीत गेल्यानें होणाऱ्या आकृति त्यांस काढतां येत. त्यापलीकडे दोन हजार वर्षें कोणाचें पाऊल पडलें नव्हतें.

२९ मार्च १७९६ रोजीं, सुटींत ब्रन्सविकला असतां, सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वींच गाउसला उत्तर सुचलें. पट्टी-कंपासाचें प्रत्येक काम हिशेबांत फार तर वर्गमूळापर्यंत जातें. सतरा ही मूळ संख्या. तींतून एक वजा केला कीं सोळा उरतात. सोळाचे निम्मे आठ, मग चार, दोन आणि एक. वर्तुळावरील सतरा बिंदूंपैकीं एक सोडून उरलेल्या सोळांचे त्यानें विशिष्ट क्रमानें असेच निम्मे-निम्मे गट पाडले. प्रत्येक पायरीस एक वर्गसमीकरण पुरें झालें, व चार पायऱ्यांत बिंदूचें स्थान हातीं आलें. सातांतून एक वजा केला असतां सहा व निम्मे तीन. तेथें वाट खुंटते. सतराची वाट मात्र शेवटपर्यंत मोकळी होती.

तेव्हां गाउसला एकोणिसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. त्या दिवशीं पेंच सुटला. त्यानें गणित पत्करलें. त्याच्या शोधांच्या वहींतील पहिली नोंद याच शोधाची आहे. १८०१ सालच्या आपल्या अंकशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें या जातीच्या सर्व आकृतींचा विचार मांडला. इतर मूळ संख्यांस ही वाट बंद आहे, हें फ्रेंच गणिती वाँट्झेल यानें १८३७ सालीं सिद्ध केलें. भाषांची गोडीहि गाउसनें सोडली नाहीं. ती वही व तो ग्रंथ लॅटिनमध्यें आहेत, आणि साठी उलटल्यावर तो रशियन भाषा शिकला.

२३ फेब्रुवारी १८५५ रोजीं गटिंगेन येथें त्याचा अंत झाला. ब्रन्सविक येथील त्याच्या स्मारकावर सतरा टोंकांचा एक तारा कोरलेला आहे. गवंडीकाम करणाऱ्याच्या मुलास दगडांत मिळालेला हा मान मोठा अर्थपूर्ण आहे. विद्यार्थिमित्रांनो, पूर्वजांनीं जेथें काम सोडलें तेथेंच तें संपलें, असें गाउसनें मानलें असतें, तर तो तारा कोरला गेला नसता.