उत्तेजक चाचणीपूर्वीचा मल्ल : खाशाबा जाधव

बंदी आणि मन यांचे नाते वर्धा जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. 1970 च्या दशकापासून या जिल्ह्यात दारूबंदी आहे. कायदा दुकानाला कुलूप लावू शकतो. माणसाच्या मनातील ओढ मात्र त्या कुलपाने बंद होत नाही, हा येथील अनुभव आहे. खेळातील उत्तेजक द्रव्यांची गोष्ट याहून निराळी नाही. भारतात राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्था, म्हणजे नाडा, 2005 मध्ये स्थापन झाली आणि 2022 मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदाही झाला. तरीही जागतिक संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, 2023 च्या आकडेवारीनुसार भारतातील 5606 नमुन्यांपैकी 213 नमुन्यांत बंदी असलेली द्रव्ये आढळली. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

खेळाडू या वाटेला का जातो, याचा क्रीडा मानसशास्त्राने बराच अभ्यास केला आहे. केवळ लोभ हे त्याचे कारण क्वचितच असते. निवडीतील अन्याय, कर्जाचे ओझे, गावाच्या अपेक्षा, ऐन स्पर्धेच्या तोंडावर झालेली दुखापत अशा नाजूक क्षणी पाऊल घसरते. देवळीसारख्या कुस्तीची परंपरा असलेल्या गावातील मुलांना पुढे याच प्रसंगांतून जायचे आहे. म्हणून खाशाबा जाधव यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक चाचण्या 1968 पासून सुरू झाल्या. खाशाबांची कारकीर्द त्यापूर्वीच संपली होती. त्यामुळे त्यांच्याबाबतीत चाचणीचा प्रश्नच नव्हता. मात्र हे सारे नाजूक क्षण त्यांच्या वाट्याला आले होते.

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि मुलाला त्यांनीच लहानपणी मातीत उतरवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकताना त्यांची कुस्ती बहरली. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शरीरयष्टी लहान असल्याने त्यांचा भर ताकदीपेक्षा डावपेचांवर आणि चपळाईवर होता. मानसशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही कौशल्यावर लक्ष ठेवणारी घडण होती. कालच्यापेक्षा आज आपला डाव किती सुधारला, याकडे पाहणारा खेळाडू आडमार्गाकडे कमी वळतो. केवळ दुसऱ्याला हरवण्यातच ज्याला आपली किंमत दिसते, त्याला तो मोह अधिक होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. आयुष्यभर लाल मातीत खेळलेल्या या मल्लाला तेथे मॅटवर लढावे लागले. आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. हे अपयश पुष्कळांना खचवणारे ठरले असते. खाशाबांनी त्यातून आपल्या उणिवांचा हिशेब मांडला आणि पुढची चार वर्षे कसून मेहनत केली.

1952 च्या निवडीच्या वेळी गुणांचा निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. तो अन्यायकारक असल्याची त्यांची भावना होती. अशा वेळी मन स्वतःला सवलत देऊ लागते. सारेच अप्रामाणिक असतील तर आपणच का नियम पाळावेत, असे मन म्हणू लागते. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने आपल्या कृतीपासून नीतीला अलग करण्याच्या या प्रक्रियेचा सविस्तर विचार मांडला आहे आणि उत्तेजकांच्या अभ्यासात तो आज पायाभूत मानला जातो. खाशाबांनी पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली आणि ती त्यांनी जिंकली. दाद मागायला जागा होती आणि तेथे ऐकून घेतले गेले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. संघटनांनी निवडीचे दरवाजे न्यायाने उघडे ठेवले, तर मनाला पळवाट शोधण्याचे कारण उरत नाही.

पुढचा प्रश्न पैशाचा होता. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एवढे उपकार पाठीवर घेऊन मॅटवर उतरणे म्हणजे मोठेच दडपण. परंतु पाठीशी उभे राहणारे लोक ओझेही होऊ शकतात आणि आधारही. पदक हुकले तरी आपल्याला घरात जागा आहे, असा विश्वास खेळाडूला असेल, तर तो आधार ठरतो.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची दीर्घ आणि दमछाक करणारी लढत झाली. तीत ते हरले. त्यानंतर नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. ती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याविरुद्ध उतरवण्यात आले. त्यांची बाजू मांडायला भारताचा कोणी अधिकारी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले आणि 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली.

कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हारतुरे संपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. 1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असतानाच गुडघा दुखावला आणि ती वाट बंद झाली. दुखापतीनंतर लवकर परतण्याची घाई हा उत्तेजकांकडे नेणारा सर्वांत धोक्याचा काळ मानला जातो. खाशाबांपाशी कुस्तीखेरीज नोकरी होती आणि शिक्षणही होते. सुमारे 27 वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्तपदावरून निवृत्त झाले. मात्र निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 चा, तोही मरणोत्तर.

समाजाने त्यांची जी उपेक्षा केली, तीही येथे विसरता येणार नाही. पदक मिळाले तरच माणूस, आणि पदक जुने झाले की माणूसही जुना, असा संदेश आपण देत राहिलो, तर तरुण मल्लाने कोणत्याही किमतीत पदक मागितले याचे नवल वाटायला नको.

केवळ भीती दाखवून हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात शालेय फुटबॉल संघांसाठी अॅटलस नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात संघातील मुलेच एकमेकांना आहार, व्यायाम आणि नकार देण्याची रीत शिकवत. स्टेरॉइड घेण्याचा कल त्यामुळे कमी झाल्याचे आढळले. वाडाचे शिक्षणविषयक मानकही 2021 पासून हेच सांगते की, खेळाडूची या विषयाशी पहिली ओळख चाचणीतून नव्हे, शिक्षणातून व्हावी.

तालमीत हे शिक्षण वस्तादच देऊ शकतो. डबा किंवा गोळी कोणी आणून दिली, तर ती आधी मला दाखव, एवढे त्याने मुलाला सांगावे. निवडीत अन्याय झाला तर त्याच्याबरोबर दाद मागायला जावे. गुडघा दुखावला तर मुलाला पुरेसा वेळ द्यावा आणि तोवर त्याची शाळा सुटू देऊ नये. खाशाबांना अशी माणसे लाभली होती. आज तालमीत येणाऱ्या मुलालाही ती लाभायला हवीत.