कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एक कलाप्रेमी यंत्रविशारद

अंगच्या गुणांचे चीज होण्यास अनुकूल परिस्थिती लागते, असे आपण नेहमी ऐकतो, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु परिस्थितीच नव्हे, तर स्वतःचा देहही ऐन वेळी साथ सोडतो आणि तरीही जो आपला गुण वाया जाऊ देत नाही, अशा मनुष्याचे चरित्र विशेष मननीय होय. तसेच एक चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही यंदा योजिले आहे.

देहूरोडहून पुण्याच्या गाडीत बसले म्हणजे वाटेत खडकी स्टेशन लागते. या खडकीस १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स हा कारखाना निघाला. विहिरीवरील पंपावर, शेतावरील एंजिनावर किर्लोस्कर हे नाव आमच्या मुलांनी अनेकदा वाचले असेल. परंतु हे नाव ज्यांनी प्रथम लोखंडावर उमटविले, त्या लक्ष्मणरावांस मुळात लोखंडाचे कारखाने काढावयाचे नव्हते, चित्रकार व्हावयाचे होते, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असेल.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटक राज्यात मोडते. मराठी रंगभूमीस हे नाव अपरिचित नाही. कारण संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणून १८८० साली मराठी संगीत नाटकाचे युग सुरू करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच गावचे. एकाच गावातून व एकाच आडनावाच्या दोन पुरुषांकडून महाराष्ट्रास एकीकडे संगीत नाटक आणि दुसरीकडे लोखंडी नांगर मिळावा, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने रूढ विद्या शिकून नीट मार्गास लागावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र चित्रांत व यंत्रांत गुंतलेले. त्या काळी सुशिक्षित घरातील मुलाने चित्रकार होणे म्हणजे पोटापाण्यावर पाणी सोडणे, अशीच लोकांची समजूत होती. वडिलांचा विरोध असताही लक्ष्मणरावांनी १८८५ साली मुंबईस जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. या वेळी त्यांचे वडीलबंधू रामचंद्रपंत, ज्यांस सर्व जण रामूअण्णा म्हणत, ते पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी खर्चाचा भार उचलला. पुढे जन्मभर ही भावांची जोडी अभंग राहिली.

कलाशाळेत दोन वर्षे गेली. हात चांगला बसला होता, रेषा निर्दोष उमटत होती. परंतु रंगकामाची वेळ आली तेव्हा एक दारुण सत्य उघडकीस आले: लक्ष्मणरावांस काही रंगांतील भेदच ओळखता येत नव्हता. या दोषास रंगांधत्व म्हणतात. डोळ्याच्या आतील पडद्यात रंग ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांपैकी एका प्रकारच्या पेशी नीट काम करीत नसल्या म्हणजे दोन निराळे रंग एकसारखे भासू लागतात. बहुधा हा दोष जन्मजात असतो, पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो आणि जन्मजात असल्यास त्यावर उपाय नाही. आमच्या पालकांपैकी जे लष्करात किंवा रेल्वेत आहेत, त्यांस रंगीत ठिपक्यांतून आकडे ओळखण्याची परीक्षा आठवत असेल. ती पद्धत जपानातील इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ती नव्हती. त्यांस आपला दोष कळला तो कलेच्या अभ्यासातच, आशा भरास आल्यावर.

अठरा वर्षांच्या तरुणावर हा केवढा आघात असेल! वडिलांचे न ऐकता आलो, थोरल्या भावाचा पैसा खर्ची पडला आणि आता ज्यासाठी आलो ते दारच बंद झाले. अशा वेळी घरी परत जाणे सोपे होते, आणि दैवास दोष देत बसणे तर त्याहून सोपे. लक्ष्मणरावांनी यांपैकी काहीच केले नाही. रंग गेले तरी रेषा उरली होती, हे त्यांनी ओळखले. त्याच कलाशाळेत यांत्रिक रेखनाचा विषय शिकवीत असत. तो त्यांनी मन लावून पुरा केला.

यांत्रिक रेखनात रंगाचे काम नसते. एखादी वस्तू वरून कशी दिसेल, समोरून कशी दिसेल आणि मधोमध कापली तर आत कशी दिसेल, हे केवळ रेषांनी व मापांनी दाखवावयाचे असते. जी वस्तू अद्याप जगात अस्तित्वातच नाही, ती मनात संपूर्ण पाहून कागदावर उतरविणे हे त्या विद्येचे मर्म. हे करण्यास चित्रकाराचीच दृष्टी लागते. म्हणूनच आम्ही म्हणतो की लक्ष्मणरावांनी कला सोडली नाही. तिचे एक दालन बंद झाले म्हणून ते दुसऱ्या दालनात गेले.

या विद्येच्या बळावर त्यांस मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखनाच्या साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये, म्हणजे त्या काळच्या मानाने चांगलाच. शिकविण्याचे काम संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे हाताळीत, सोडवीत व पुन्हा जोडीत. अभियंत्याची पदवी त्यांजपाशी नव्हती. जी विद्या होती ती अशी हाताने मिळविलेली होती. याच सुमारास, १८८८ साली, त्यांनी रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या आणि रामूअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवावे, असा तो क्रम होता.

पुढे संस्थेत बढतीचा प्रसंग आला तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलला गेला. स्वाभिमानी मनुष्यास ते सहन होणे शक्य नव्हते. नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावास परतले आणि भावाच्या साहाय्याने त्यांनी लहानसा कारखाना थाटला. त्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करण्याचे मनावर घेतले.

नांगरात कला ती कोणती, असा प्रश्न मुले विचारतील. आमच्या मावळातील लाकडी नांगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे ठाऊक आहे की तो जमीन उकरतो, परंतु मातीची ढेप पालथी करीत नाही. लोखंडी नांगरास फाळाच्या मागे एक वक्र पाते असते. त्यावरून माती सरकत वर चढते आणि उलटून बाजूस पडते. या पात्याचा बाक थोडा चुकला तरी माती चिकटते आणि बैलांस ओढ जड जाते. हा बाक प्रथम कागदावर रेखाटावा लागतो, मग लाकडात कोरावा लागतो. त्या लाकडी नमुन्यावर ओली वाळू ठोकून साचा करतात आणि त्यात वितळलेले बीड ओततात. बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. रेखाटणाऱ्याचा हात, कोरणाऱ्याची नजर आणि ओतणाऱ्याचा अंदाज हे तिन्ही जुळतील तेव्हाच नांगर साधतो. मूर्तिकाराची धातूची मूर्ती ओतण्याची रीत याहून फारशी निराळी नाही.

नांगर झाला, परंतु घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू पिकानेच लोकांची खात्री पटविली आणि मागणी वाढू लागली.

इतक्यात दुसरे संकट उभे राहिले. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे बेळगावात कारखाना वाढविणे अशक्य होऊन जागाच सोडण्याची वेळ आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावून आले. हे राजेसाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत आणि औंधचे कलासंग्रहालय ही त्यांचीच देणगी. त्यांनी लक्ष्मणरावांस कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. एका चित्रकार राजाने, चित्रकार होऊ न शकलेल्या एका कारागिरास हात दिला, तो असा.

जमीन म्हणजे नुसता माळ, निवडुंगाने व्यापलेला आणि सर्पांनी भरलेला. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला. पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह आले. राधाबाईंनी पतीबरोबर त्या उजाड रानात संसार मांडला. निवडुंग तोडून रस्ते आखले गेले, घरे उठली, झाडे लागली. येथेही लक्ष्मणरावांमधील रेखाकार स्वस्थ बसला नाही. कारखाना म्हणजे धूर व घाण आणि त्याभोवती कामगारांची दाटीवाटी, हे चित्र त्यांस मान्य नव्हते. काम करणाऱ्या माणसाची वसती नीटनेटकी व डोळ्यांस सुख देणारी असावी, असा त्यांचा आग्रह असे. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत किर्लोस्करवाडीची गणना होते, ती त्यामुळेच.

या वसाहतीची आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अस्पृश्यतेस तेथे थारा नव्हता. निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र काम करीत. ज्यांस समाजाने गुन्हेगार म्हणून दूर लोटले होते, अशांच्या हाती लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा सोपविला आणि तो विश्वास सार्थ ठरला. शंभूराव जांभेकर यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण अपुरे राहिलेले होते, अनंतराव फळणीकर तर शाळा सोडून आलेले. पण दोघेही तेथे नामांकित यंत्रज्ञ झाले. माणसात दडलेला गुण पाहण्याची ही दृष्टी निर्दोष होती, असे म्हटले पाहिजे.

कलेची वेलही या माळावर सुकली नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकला शिकलेले होते. १९२० साली त्यांनी वाडीतूनच किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. त्यातून पुढे किर्लोस्कर, स्त्री व मनोहर ही मासिके वाढली आणि कित्येक दशके महाराष्ट्राच्या घरोघरी वाचली गेली. नांगराच्या भट्टीशेजारी मराठी वाङ्मयाचा छापखाना चालावा, असे दृश्य अन्यत्र क्वचितच दिसेल. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परत आले आणि कारखान्याचा व्याप पंप, एंजिने, विजेच्या मोटारी असा वाढत गेला. कुंडल रोड स्टेशनास पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता दोन शब्द सांगून आम्ही हा लेख आटोपता घेतो. रंगांधत्व आले ते बरेच झाले, नाहीतर एवढा कारखानदार कोठून मिळाला असता, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. जे हरपले ते हरपलेच, आणि त्याचे दुःख त्यांस झाले नसेल असे मानणे हा त्यांजवर अन्याय होईल. बोध घ्यावयाचा तो निराळा. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी एखाद्याचा चित्रकलेच्या परीक्षेचा निकाल मनासारखा लागणार नाही, एखाद्याला लष्करभरतीच्या वेळी डोळ्यांसाठी परत पाठवतील. त्या दिवशी काय गेले याची मोजदाद जरूर करा, पण तेवढ्यावर न थांबता काय उरले याचीही करा. लक्ष्मणरावांपाशी रेषा उरली होती. आणि पालकांस आमची नम्र विनंती इतकीच की, मुलाने वहीच्या मागील पानावर चित्र काढले म्हणून ते पान फाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या रेघोट्यांतून चित्र निघेल, नांगर निघेल की आणखी काही, हे आज कोणासच ठाऊक नसते. काशिनाथपंतांची काळजी खोटी नव्हती. परंतु रामूअण्णांचा विश्वास नसता, तर ही कथा लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.