विश्लेषण : फोममधली रिकामी खाच काय सांगते? ‘शोधाशोध’ मोजणारे फ्रँक गिलब्रेथ कोण होते?

धान कापणीचा हंगाम आला की भंडारा जिल्ह्यातील गॅरेजवाल्यांना उसंत नसते. थ्रेशर बंद पडलेला, ट्रॅक्टर दारात उभा, शेतकरी घाईत आणि नेमका १३ नंबरचा पाना सापडत नाही. कोणी नेला, पेटीच्या तळाशी गेला, की इंजिनातच राहिला? यावर जगभरच्या कार्यशाळांनी स्वीकारलेला एक साधा उपाय आहे : जाड फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापायची. हत्यार जागेवर नसेल तर खाच रिकामी दिसते. या उपायामागचा विचार मात्र फोमपेक्षा बराच जुना आहे आणि तो नेटाने मांडणारा माणूस गवंडी होता. त्यांच्या निधनाला २०२४ मध्ये १०० वर्षे पूर्ण झाली.

गवंडीकाम ते कामाचा अभ्यास

फ्रँक बंकर गिलब्रेथ यांचा जन्म ७ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात झाला. तीन वर्षांचे असताना वडील गेले. आईने पुढे बॉस्टनमध्ये खाणावळवजा वसतिगृह चालवून मुलांना वाढवले. फ्रँक यांना एमआयटी या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळू शकत होता, पण १८८५ मध्ये, १७व्या वर्षी, ते एका बांधकाम कंत्राटदाराकडे गवंड्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागले.

पहिल्याच दिवसांत एक गोष्ट त्यांना खटकली. वीट कशी लावायची हे प्रत्येक गवंडी वेगळे शिकवत होता. इतकेच नव्हे, तर एकच गवंडी शिकवताना एका पद्धतीने हात चालवी, घाईत असताना दुसऱ्या आणि निवांत असताना तिसऱ्याच. हजारो वर्षांचे काम, पण ते करण्याची उत्तम रीत कोणती, हे कोणी पाहिलेच नव्हते. गिलब्रेथ यांनी तो नाद आयुष्यभर सोडला नाही. दहा वर्षांत, १८९५ मध्ये, ते स्वतः कंत्राटदार झाले.

विटांमध्ये त्यांनी नेमके काय बदलले?

गवंडी प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकत होता. म्हणजे पाच पौंडांची वीट उचलण्यासाठी स्वतःचे अख्खे धड खालीवर करत होता. शिवाय वीट हातात फिरवून चांगली बाजू शोधायची, मग मसाल्यावर ठेवून थापीने ठोकायची. गिलब्रेथ यांनी भिंतीबरोबर वर सरकवता येणारी पराती केली, विटा आणि मसाला गवंड्याच्या हाताच्या उंचीवर आणला. विटांची चांगली बाजू आधीच निवडून त्या लाकडी चौकटीत ओळीने लावून देण्याचे काम मदतनिसांकडे दिले. मसाला असा पातळ कालवला, की हाताच्या दाबाने वीट बसावी. एका विटेमागे लागणाऱ्या हालचाली १८वरून साडेचारवर आल्या. तासाला साधारण १२० विटा लावणारा गवंडी ३५० पर्यंत पोहोचला.

यात गवंड्याचा हात जास्त वेगाने चालवायला लावलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. वाकणे आणि शोधणे तेवढे काढून टाकले. त्या काळातले दुसरे मोठे नाव म्हणजे फ्रेडरिक टेलर. त्यांचा भर स्टॉपवॉचवर होता. गिलब्रेथ आधी त्यांचे चाहते होते, पुढे दोघांचे पटले नाही. घड्याळ कामगाराला पळवते, हालचालींचा अभ्यास त्याची दमछाक कमी करतो, असा गिलब्रेथ यांचा दावा होता. दावा खरा असला तरी कामगारांची धास्ती काही निराधार नव्हती. तिप्पट विटा लागल्यावर मजुरी तिप्पट होते का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही कारखान्यांत संपलेला नाही.

‘शोधणे’ हे वेगळे काम कसे ठरले?

१९१२ च्या सुमारास गिलब्रेथ यांनी बांधकाम सोडून कारखान्यांना सल्ला देण्याचे काम हाती घेतले. प्रॉव्हिडन्स शहरात ‘न्यू इंग्लंड बट कंपनी’ गोफ विणणारी यंत्रे बनवत असे. तिथे जोडणी करणारा कामगार सुटे भाग ढिगातून शोधून काढत होता. गिलब्रेथ यांनी भाग ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडणीवर लावायला सांगितले, प्रत्येकाची जागा ठरवून. दिवसाला १८ यंत्रे जोडणारा कामगार ६६ जोडू लागला.

हे पाहण्यासाठी ते चलच्चित्र कॅमेरा वापरत. चौकटीत एक वेगवान घड्याळ ठेवलेले असे, त्यामुळे सेकंदाच्या बारीक भागातली हालचालही पकडता येई. हाताच्या बोटांना छोटे दिवे लावून हाताचा मार्ग छायाचित्रात उमटवण्याची युक्तीही त्यांची. या सगळ्यातून त्यांनी हाताच्या कामाचे १७-१८ मूलघटक ठरवले आणि त्यांना आपलेच आडनाव उलटे करून ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. धरणे, नेणे, जोडणे, सोडणे असे ते घटक. त्यात ‘शोधणे’, ‘सापडणे’ आणि ‘निवडणे’ हेही होते. शोधण्याची खूण होती बाजूला वळलेला डोळा.

पान्याच्या पेटीशी खरा संबंध इथे येतो. तोवर पाना शोधण्यात गेलेला वेळ कोणाच्या हिशेबात नव्हता, तो कामातच धरला जाई. गिलब्रेथ यांनी त्याला नाव दिले, खूण दिली आणि तो शून्यावर आणायचा असतो असे ठरवले. वस्तूची जागा पक्की असेल तर डोळ्याला फिरावे लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

त्यांनी रुग्णालयांत जाऊन शस्त्रक्रियांचेही चित्रीकरण केले. शल्यविशारद जखमेवरून नजर काढून ट्रेमधले उपकरण स्वतः शोधतो आणि त्यात बराच वेळ जातो, असे त्यांना आढळले. उपकरणे ठरलेल्या क्रमाने मांडावीत आणि परिचारिकेने मागितलेले उपकरण थेट हातात द्यावे, ही सूचना त्यांनी केली. एका गवंड्याने आपल्याला शिकवावे, हे बऱ्याच डॉक्टरांना पटले नाही. आज मात्र शस्त्रक्रियागृहात हेच चालते. टाके घालण्याआधी उपकरणे मोजण्याची पद्धतही आज सर्वत्र आहे. तिचा हेतू वेळ वाचवणे नाही, पोटात काही राहू नये हा आहे.

घरातही प्रयोग?

होय, आणि भरपूर. १९०४ मध्ये त्यांचा विवाह लिलियन मोलर यांच्याशी झाला. लिलियन पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषी, आणि फ्रँक यांच्या कामातल्या बरोबरीच्या भागीदार. या जोडप्याला १२ मुले झाली. एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने गेली. दोन मुलांनी पुढे वडिलांवर लिहिलेले पुस्तक गाजले, त्यावर चित्रपटही निघाला. त्यातला एक किस्सा : वडील जाकिटाची बटणे खालून वर लावत, कारण तसे तीन सेकंद लागत आणि वरून खाली सात. दोन वस्तऱ्यांनी एकाच वेळी दाढी करून त्यांनी ४४ सेकंद वाचवले, पण कापलेल्या गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटे गेली. मग तो प्रयोग सोडला.

पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी प्रशिक्षणपट बनवताना ते गंभीर आजारी पडले आणि हृदय कायमचे अधू झाले. १४ जून १९२४ रोजी युरोपातील परिषदांना निघण्याच्या काही दिवस आधी ते रेल्वे स्थानकावरून पत्नीशी दूरध्वनीवर बोलत होते. तिथेच ते कोसळले. वय ५५. काही दिवसांतच लिलियन जहाजाने निघाल्या आणि प्रागच्या परिषदेत त्यांच्या जागी उभ्या राहिल्या. बाईकडून कारखान्याचा सल्ला नको म्हणून अनेक कंपन्यांनी कंत्राटे नूतनीकरण केली नाहीत. तेव्हा लिलियन यांनी तोच विचार स्वयंपाकघराच्या मांडणीत नेला आणि नाव कमावले. १९७२ पर्यंत त्या जगल्या.

मग फोम कुठून आला?

फोमची खाच गिलब्रेथ यांनी शोधलेली नाही. त्यांच्या हयातीत तसा फोमच नव्हता. त्यांचा विचार जपानमध्ये योइची उएनो या मानसशास्त्रज्ञाने नेला आणि १९२०च्या सुमारास दंतमंजन भरण्याच्या कामात वापरून दाखवला. पुढे जपानी कारखान्यांची ‘प्रत्येक वस्तूला जागा’ ही शिस्त भारतातही आली. फळीवर हत्याराची आकृती रंगवणे हा तिचा सोपा प्रकार, फोम हा पेटीत बसणारा.

करायला तो अवघड नाही. खाली पिवळा किंवा लाल पातळ थर, वर काळा जाड थर, हत्यार ठेवून खडूने आकार काढायचा, धारदार कटरने फक्त वरचा थर कापायचा आणि मग दोन्ही चिकटवायचे. हत्यार उचलले की तळाचा रंग उठून दिसतो. बोट घालायला जागा सोडायला विसरू नये, नाहीतर रुतलेला पाना निघत नाही. गादीचा स्पंज इथे चालत नाही, तो तेल पितो. चपलेच्या तळव्याला वापरतात तसा ईव्हीए फोम बरा. गडेगावच्या वाहन कारखान्यापासून तुमसरच्या राईस मिलपर्यंत जिथे जिथे हत्यारे अनेक हातांतून फिरतात, तिथे नवा पाना घेतल्यावर नवी खाच कापणे हेच खरे चिकाटीचे काम.

खाच असली म्हणजे हत्यार हरवत नाही?

हरवते. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे क्वांटास कंपनीच्या ए३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली आणि सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार आतच राहिले. त्या इंजिनासह विमानाने ३४ उड्डाणे केली, सुमारे २९४ तास. १ जानेवारी २०२४ रोजी पुढच्या तपासणीत ते सापडले. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या अहवालानुसार हत्यार परत आलेले नाही, हे काम संपवतानाच नोंदीत दिसत होते. तरीही हरवलेल्या हत्याराचा शोध घेण्याची ठरलेली प्रक्रिया सुरू न करता विमान सोडण्यात आले.