उडत्या रणगाड्याचा शिल्पकार

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंची येते. जे जितके उंच उडेल तितके ते श्रेष्ठ, असे आपण समजतो. परंतु दुसऱ्या महायुद्धातील एक विमान मुद्दाम खाली उडण्यासाठीच बनवले होते. खंदकात अडकलेल्या आपल्या पायदळाच्या डोक्यावरून ते जाई आणि समोरच्या शत्रूच्या तोफा, रणगाडे व मालमोटारी यांवर मारा करी. त्याचे नाव इल-२. ते घडवणाऱ्या माणसाने तरुणपणी पोटासाठी हातात फावडे धरले होते. त्या सर्गेई व्लादिमिरोविच इल्युशिन यांची ही जीवनकथा.

इल्युशिन यांचा जन्म १८९४ साली रशियातील व्होलोग्दा प्रांतात दिल्यालेवो नावाच्या खेड्यात झाला. घर गरीब शेतकऱ्याचे, मुले पुष्कळ, आणि सर्गेई सर्वांत धाकटा. गावच्या शाळेत अक्षरओळख झाली आणि लहान वयातच मजुरीसाठी घर सोडावे लागले. कारखान्यात काम केले, चर खणले, गटारे साफ केली. १९१० साली सेंट पीटर्सबर्ग येथे घोड्यांच्या शर्यतीचे एक मैदान विमानांच्या मेळाव्यासाठी तयार करण्याचे काम निघाले. जमीन सपाट करणाऱ्या मजुरांत हा सोळा वर्षांचा मुलगा होता. तेथे त्याने पहिल्यांदा विमान जवळून पाहिले. उडणारे लोक वेगळे होते आणि त्यांच्यासाठी जमीन सारखी करणारे वेगळे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सर्गेईला सैन्यात जावे लागले. लिहितावाचता येत असल्यामुळे त्याला कारकुनाचे काम मिळाले. खेड्यातल्या शाळेने दिलेल्या चार अक्षरांचा हा पहिला मोबदला. परंतु खुर्ची मिळाली म्हणून तो स्वस्थ बसला नाही. विमानदळात जाण्याची संधी येताच त्याने ती घेतली. विमाने पुसणे, ढकलणे येथपासून सुरुवात करून तो यंत्रदुरुस्ती शिकला आणि १९१७ साली वैमानिक झाला. क्रांतीनंतर तो लाल सैन्याच्या विमानदळात दुरुस्तीचे काम करू लागला. १९२१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मॉस्कोच्या विमानविद्येच्या संस्थेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. ज्या वयात आपल्याकडे शिक्षण संपले असे मानतात, त्या वयात त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. १९२६ साली इल्युशिन अभियंता होऊन बाहेर पडले.

१९३३ साली त्यांना स्वतःचे रचना कार्यालय मिळाले. त्यांच्या एका बाँबफेकी विमानातून वैमानिक कोक्किनाकी यांनी १९३६ साली उंचीचा जागतिक विक्रम केला. मान आला, पद आले. परंतु इल्युशिन यांच्या मनात वेगळाच प्रश्न घोळत होता. पायदळाला मदत करायची तर विमानाने खाली आले पाहिजे. खाली आले की साध्या शिपायाची बंदूकही त्याला पाडू शकते. संरक्षणासाठी पोलादी पत्रे जोडले तर वजन इतके वाढते की विमान धड उडत नाही.

याचे त्यांनी काढलेले उत्तर साधे होते. चिलखत विमानाला बाहेरून जोडायचेच नाही. चिलखत हाच विमानाचा सांगाडा करायचा! इंजिन, पाणी थंड करणारी यंत्रणा, पेट्रोलच्या टाक्या आणि वैमानिक यांना पोटात घेणारी पोलादाची एकच पेटी त्यांनी कल्पिली. ही पेटीच विमानाचा भार पेलणार होती, म्हणजे वेगळ्या सांगाड्याचे वजन वाचणार होते. विमानाच्या आकाराप्रमाणे वळवता येईल असे पोलाद किश्किन आणि स्क्ल्यारोव्ह या धातुतज्ज्ञांनी तयार केले. म्हणूनच पुढे या विमानाला उडता रणगाडा म्हणू लागले.

१९३८ च्या आरंभी इल्युशिन यांनी स्टालिन व इतर नेत्यांना पत्र लिहिले. विमान उद्योगातील आपल्या वरिष्ठ पदाच्या कामातून मुक्त करावे व हे विमान बनवू द्यावे, अशी त्यांची मागणी होती. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. तुपोलेव्ह यांच्यासारख्या थोर विमानरचनाकाराला आदल्याच वर्षी अटक झाली होती. अशा वेळी मोठे वचन देणे आणि ते पुरे न होणे म्हणजे काय, हे इल्युशिन यांना ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. तरीही त्यांनी पत्र धाडले. परवानगी मिळाली आणि २ ऑक्टोबर १९३९ रोजी कोक्किनाकी यांनी पहिला नमुना उडवला.

त्या नमुन्यात दोन आसने होती. पुढे वैमानिक आणि मागे पाठीचे रक्षण करणारा बंदूकधारी. परंतु सैन्याला वेग आणि पल्ला अधिक हवा होता. मागचा माणूस काढून त्या जागी चिलखत आणि पेट्रोलची टाकी आली. १९४१ साली जर्मनीने आक्रमण केले तेव्हा इल-२ असे एकट्याने लढायला गेले आणि पाठीमागून येणाऱ्या जर्मन विमानांनी कितीतरी वैमानिकांचे बळी घेतले. १९४२ साली मागचे आसन परत आणावे लागले. त्यातही मागच्या शिपायाला वैमानिकाइतके चिलखत मिळाले नाही. कागदावरची एक रेघ पुसली की प्रत्यक्षात किती माणसे पुसली जातात, हे या प्रकरणावरून कळते. इल्युशिन यांच्या थोरवीबरोबर हेही सांगितले पाहिजे.

जर्मन सैन्य जवळ येऊ लागताच १९४१ च्या शरद ऋतूत व्होरोनेझचा कारखाना उचलून दूर कुइबिशेव्हला, म्हणजे आजच्या समाराला, नेला. विमाने कमी पडू लागली तेव्हा स्टालिन यांनी कारखान्यांना तार केली. सैन्याला या विमानांची गरज हवा आणि भाकरी यांच्याइतकीच आहे, असा तिचा आशय होता. एकूण ३६ हजारांहून अधिक इल-२ विमाने तयार झाली. जगात कोणत्याही लढाऊ विमानाची इतकी संख्या झालेली नाही.

युद्धानंतर इल्युशिन प्रवासी विमानांकडे वळले. इल-१८ हे त्यांचे विमान १९५७ साली उडाले. त्याच्यापासून तयार झालेली इल-३८ ही सागरी टेहळणीची विमाने १९७७ साली भारतीय नौदलात आली आणि २०२३ पर्यंत गोव्यातील दाबोळीच्या तळावरून अरबी समुद्रावर गस्त घालीत राहिली. त्याच १९७७ सालच्या ९ फेब्रुवारीला इल्युशिन यांचे मॉस्को येथे निधन झाले.

शस्त्र हे शेवटी शस्त्रच. त्याने वाचवलेल्यांची गणती करताना मेलेल्यांना विसरता येत नाही. परंतु खंदकातला शिपाई हा बहुधा खेड्यातल्या शेतकऱ्याचाच मुलगा असतो, आणि त्याच्या डोक्यावर छत्र धरण्याचा विचार एका शेतकऱ्याच्या मुलाने केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील रस्त्याच्या मातीकामावर जातात. त्यांनी सपाट केलेल्या रस्त्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या जातात. ग्रंथालयात बसून इल्युशिन यांच्याविषयी वाचताना मला ३६ हजार विमानांपेक्षा ते १९१० सालचे मैदान आणि त्यावरचा फावडे घेतलेला मुलगाच अधिक दिसत राहिला. आपण सारखी केलेली जमीन आपल्यासाठीही असू शकते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते त्याने स्वतःच ओळखले. त्या दिवशी घरी गेल्यावर मी वडिलांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि त्या मुलाला रोज किती मिळत होता, एवढेच विचारले.